आधी दोर दाखवा!



मागच्या सोमवारी आमच्या शाळेत एक माठ फुटला.

आता यात काय एवढं सांगण्यासारखं? माठ फुटायचेच! पण थांबा, सगळं ऐका तर खरं.

ऊन वाढायला लागलं, म्हणून वर्गासाठी नवा माठ घ्यायचं ठरलं. कुंभारवाडा शाळेपासून पाच मिनिटांवर. चौथीतल्या दोन दणकट मुलांना मी पाठवलं. माठ दोरीत अडकवायचा, दोरी बांबूला बांधायची आणि बांबूची दोन टोकं दोघांनी खांद्यावर घ्यायची, ही युक्तीही मीच सांगितली. दोरी कपाटातून मीच काढून दिली. ती हातात घेऊन एक जण म्हणाला, "बाई, ही चालेल का?" मी हजेरी मांडत होते. मान वर न करताच म्हटलं, "चालेल रे! निघा लवकर."

माठ निघाला. रस्ता पार करून, चढ चढून, अगदी शाळेच्या फाटकापर्यंत आला. आणि तिथे दोरी तुटली. धप्प! खापराच खापरा!

मी धावत बाहेर आले आणि दोघांवर जाम चिडले. "एक काम धड होत नाही तुमच्याकडून! आता माठाचे पैसे दोघांनी भरा." दोघांचे चेहरे एवढेएवढेसे झाले. तेवढ्यात एक मुलगी, जी एरवी तोंडातून शब्द काढत नाही, ती हळूच म्हणाली, "बाई, पण दोरी तुम्हीच दिली होती ना? आणि त्यांनी विचारलंही होतं."

सगळे चिडीचूप. मी तुटलेली दोरी उचलून पाहिली. मधोमध पीळ पार सुटलेला होता.

मग पैसे कोणी भरले? ते शेवटी सांगते. कारण नेमकं हेच भांडण फार पूर्वी, फ्रान्स देशात, समुद्रावरच्या माणसांनी सोडवून ठेवलेलं आहे. फरक एवढाच, की तिथे माठ नव्हता, पिंप होतं. आणि पिंपात पाणी नव्हतं, द्राक्षांची दारू होती.

"अगंबाई! मुलांच्या अंकात दारूची गोष्ट?" तुमची आजी चष्म्यावरून बघतेय ना? आजी, काळजी करू नका. दारू वाईट ती वाईटच. पण आजची गोष्ट पिंप पिण्याची नाही, पिंप उचलण्याची आहे!

चंद्रकोरीचं बंदर

नकाशात फ्रान्स काढा. त्याच्या नैऋत्येला गॅरोन नावाची नदी आहे. तिच्या काठी, समुद्रापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, बोर्डो हे शहर आहे. तिथे नदी चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून बोर्डोला चंद्राचं बंदर म्हणतात. आजूबाजूला मैलोन्‌मैल द्राक्षांचे मळे. त्या द्राक्षांची दारू जहाजांत भरून इंग्लंडला, हॉलंडला आणि इतर देशांना जायची. आपण सोळाव्या-सतराव्या शतकातल्या गोष्टी बोलतोय बरं का.

तेव्हा बोर्डोला आजच्यासारखे उभे दगडी धक्के नव्हते. जहाजं नदीत नांगर टाकून उभी असायची. काठावरून पिंपं गडगडवत आणायची, छोट्या होड्यांत चढवायची आणि होडी जहाजाला भिडली, की दोर बांधून, कप्पीवरून ओढून, वर घ्यायची.

एक पिंप केवढं? सुमारे २२५ लिटरचं. तुमच्या घरातली पाण्याची पंधरा लिटरची बादली आठवा. तशा पंधरा बादल्या एका पिंपात! लाकडासकट वजन पाव टनाहून जास्त. आता विचार करा, असलं धूड दोराला लटकत हवेत झुलतंय, खाली होडीत माणसं उभी आहेत. दोर तुटला तर?

घाईही भारी असायची. द्राक्षांची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. पुढच्या काही आठवड्यांत नवी दारू तयार. त्या काळातली दारू फार टिकायची नाही, महिने उलटले की आंबट व्हायची. त्यामुळे ज्याचा माल आधी पोचला, त्याला भाव चांगला. शिवाय थंडी पडली की समुद्रावर वादळं. म्हणजे बाजार भरायच्या दिवशी एस.टी. स्टँडवर जी गडबड असते ना, तशी गडबड, पण नदीवर!

आणि गडबड आली की भांडणं आलीच.

त्याआधी दोन शब्दांची गंमत सांगते. गणितात आपण शिकतो, एक टन म्हणजे हजार किलो. हा 'टन' कुठून आला? तर दारूच्या एका मोठ्या पिंपाच्या इंग्रजी नावावरून! बोर्डोला चार पिंपांचा मिळून एक 'तोनो' धरत, म्हणजे सुमारे ९०० लिटर. इंग्रजांचा 'टन' साधारण तेवढाच. जहाज केवढं, हे सांगताना त्यात अशी किती मोठी पिंपं मावतात ते सांगायचे. शंभर पिंपं मावली, की शंभर टनांचं जहाज. पुढे पिंप मागे पडलं आणि शब्द तेवढा वजनाला चिकटून राहिला.

आणि आपला 'पिंप' हा शब्द? तो पोर्तुगीज भाषेतल्या 'पीपा'वरून आलाय. पोर्तुगीज लोक गोव्याला, वसईला आले, त्यांच्याबरोबर बादली, चावी, साबण असे कितीतरी शब्द आपल्या घरात शिरले. त्यातच हे पिंपही गडगडत आलं.

भांडण पहिलं : दोर तुटला

व्यापाऱ्याचं पिंप वर चढतंय. अर्ध्यावर दोर तुटतो. पिंप फुटतं, दारू नदीत. व्यापारी कपाळावर हात मारून ओरडतो, "माझं नुकसान भरून दे!" कप्तान म्हणतो, "मी काय मुद्दाम तोडला? दोर आहे, तुटला!" खलाशी म्हणतात, "आम्ही तर नुसते ओढत होतो."

कोणाचं खरं?

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याजवळ ओलेराँ नावाचं एक बेट आहे. त्या बेटाच्या नावाने समुद्रावरच्या नियमांची एक जुनी यादी ओळखली जाते. सुमारे सातशे वर्षांपूर्वीच्या तिच्या हस्तलिखित प्रतीही मिळतात. बोर्डोहून दारू नेणाऱ्या जहाजांसाठी हे नियम फार महत्त्वाचे होते. पुढे छपाई आल्यावर ते छापले गेले. १६४७ साली बोर्डोमधल्याच एत्येन क्लेराक नावाच्या वकिलांनी समुद्राच्या रीतिरिवाजांवर पुस्तक काढलं, त्यात ओलेराँचे नियम समजावून सांगितले. यादीची पद्धत मोठी छान आहे. प्रत्येक कलम म्हणजे एक भांडण आणि शेवटी त्याचा निवाडा.

त्यातलं दोराचं कलम मला फार आवडतं. त्याचा अर्थ असा :

माल उचलायच्या आधी कप्तानाने आपले दोर व्यापाऱ्यांना दाखवायचे. व्यापाऱ्यांना काही खोट दिसली, तर कप्तानाने ती दुरुस्त करायची.

आता तीन गोष्टी घडू शकतात. पहिली, कप्तानाने दोर दाखवलेच नाहीत आणि दोर तुटला. मग सगळी भरपाई कप्तानाने आणि खलाशांनी करायची. दुसरी, व्यापाऱ्यांनी खोट दाखवली, कप्तानाने दुर्लक्ष केलं आणि पिंप गेलं. तरीही भरपाई त्यांचीच. तिसरी, दोर दाखवले, व्यापारी "छान आहेत" म्हणाले, आणि तरीही तुटला. मग? मग नुकसान वाटून घ्यायचं. ज्याची दारू होती तो व्यापारी, कप्तान आणि खलाशी, सगळ्यांनी मिळून.

किती साधी गोष्ट! दोर तुटल्यावर भांडत बसायचं नाही. दोर तुटायच्या आधीच एकत्र उभं राहून तो बघायचा. ज्याने बघितला आणि होकार दिला, तो जबाबदारीत आला. ज्याने बघूच दिला नाही, त्याच्यावर सगळी जबाबदारी.

आणखी एक गंमत. पिंप वर ओढण्याबद्दल कप्तानाला वेगळे पैसे मिळायचे. नियम म्हणतो, नुकसान झालं तर आधी ते पैसे भरपाईला लावा. उचलण्याचे पैसे घेतलेत ना? मग उचलताना काय झालं त्याचीही काळजी घ्या!

भांडण दुसरं : वादळाने की निष्काळजीपणाने?

पिंपं जहाजाच्या पोटात नीट रचणं हेही कौशल्याचं काम. बोर्डोच्या बाजूला तर फक्त माल रचण्याचं काम करणारे वेगळे कामगार होते. मधे फट राहिली, की लाट आल्यावर पिंप पिंपावर आपटणार.

समजा, जहाज सुखरूप पोचलं, पण आत एक पिंप फुटलेलं. व्यापारी म्हणतो, "तुम्ही जहाज नीट सज्ज केलं नव्हतं, म्हणून फुटलं." कप्तान म्हणतो, "वादळ होतं हो!" व्यापारी काही जहाजावर नव्हता. मग खरं-खोटं कसं ठरवायचं?

निवाडा असा : कप्तानाने शपथ घ्यायची, की चूक आमची नव्हती. त्याच्याबरोबर काही खलाशांनीही शपथ घ्यायची. पण कोणते खलाशी? तर व्यापारी निवडेल ते!

आहे की नाही चलाखी? कप्तानाने आपले जिवलग मित्र पुढे केले असते. पण इथे समोरचा माणूस निवडणार. त्या काळी लोक देवाला फार भिऊन असत, खोटी शपथ म्हणजे मोठं पाप मानत. खलाशांनी शपथ घेतली, तर सुटले. नाही घेतली, तर पिंपाचे पैसे भरा.

भांडण तिसरं : "येतो, येतो" म्हणणारा व्यापारी

प्रत्येक वेळी चूक कप्तानाचीच असते असं नाही हं. कधी कधी व्यापारी जहाज ठरवायचा, अमुक दिवशी माल भरतो म्हणायचा आणि मालच आणायचा नाही. आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले. जहाज नदीत नुसतं उभं. दुसरं भाडंही हातचं गेलं. खलाशी बसून. पण पोट कुठे बसून राहतं? त्यांना जेवायला तर लागतंच.

ओलेराँचा निवाडा : व्यापाऱ्याने उशिराची भरपाई द्यायची. त्या भरपाईचे चार भाग करायचे. तीन भाग कप्तानाचे, कारण खलाशांच्या जेवणाखाण्याचा खर्च तो करतो. आणि एक भाग खलाशांचा.

हा चौथा भाग वाचून मी थांबलेच. खलाशी गरीब माणसं. शिकलेली नाहीत, व्यापाऱ्याशी बोलायला जाणार नाहीत, कोणी विचारलं नसतं तर गप्प बसली असती. पण नियमाने त्यांची आठवण ठेवली. उशीर झाला तेव्हा त्यांचेही दिवस वाया गेले, हे लिहून ठेवलं. आमच्या वर्गातल्या त्या न बोलणाऱ्या मुलीसारखंच काम या नियमाने केलं.

भांडण चौथं : रिकामं पिंप

१६८१ साली फ्रान्सच्या राजाने, चौदाव्या लुईने, समुद्राच्या व्यवहाराचा एक मोठा कायदा काढला. त्यात आणखी एक भांडण सोडवलेलं आहे.

जहाज पोचलं. पिंपं उतरवली. एक पिंप हलकं लागतं. उघडून बघतात तर काय, सगळी दारू फटीतून झिरपून गेलेली! कप्तान म्हणतो, "मी पिंप आणून पोचवलं, माझं भाडं द्या." व्यापारी म्हणतो, "रिकाम्या लाकडाचं भाडं देऊ?"

कायद्याने सांगितलं : पिंप रिकामं किंवा जवळजवळ रिकामं झालं असेल, तर व्यापाऱ्याने ते भाड्याच्या बदल्यात कप्तानाकडे सोडून द्यावं. हिशेब मिटला. पण दारू आत तशीच आहे, फक्त तिची आपसूक खराबी झाली किंवा बाजारात भाव पडला, तर तसं करता येणार नाही. भाडं द्यावंच लागेल. वाहून आणण्याचं काम कप्तानाने केलं ना? मग भाव पडला त्याला तो काय करणार?

सगळेच नियम शहाणे नसतात

आता तुम्हाला वाटेल, वा! तिथे सगळा न्यायच न्याय होता. तसं नाही हं.

बोर्डो शहराचा स्वतःचा एक नियम होता. नदीच्या वरच्या अंगाला जे मुलूख होते, तिथेही द्राक्षं पिकायची, तिथेही दारू व्हायची. पण ती समुद्राकडे न्यायची तर वाट बोर्डोवरूनच. आणि बोर्डोवाल्यांनी ठरवून टाकलं होतं, की वरच्या अनेक मुलखांतली दारू नाताळ होईपर्यंत खाली आणायची नाही. म्हणजे काय, तर जहाजं येणार, आधी बोर्डोवाल्यांची पिंपं भरणार, चांगला भाव ते घेणार. वरचे शेतकरी तोवर आपल्या पिंपांकडे बघत बसणार!

पाण्याच्या टँकरपुढे एकाच आळीने नेहमी पहिला नंबर लावायचा आणि बाकीच्यांनी उरलंसुरलं घ्यायचं, तसलाच हा प्रकार. हा नियम शेकडो वर्षं चालला. १७७६ साली राजाचे अर्थमंत्री त्युर्गो यांच्या पुढाकाराने तो रद्द करण्याचा हुकूम निघाला.

दोन्ही नियमच. पण एक भांडणातल्या सगळ्या बाजूंना शेजारी उभं करून केलेला, आणि दुसरा एकाच बाजूने, स्वतःच्या सोयीसाठी केलेला. नियम आहे म्हणून तो बरोबर, असं समजू नका. तो करताना कोणाला विचारलं होतं, हेही बघा.

आणि आमचा माठ?

हं, आता माठाकडे येऊ. तुम्हीच निवाडा करा. दोरी कोणाची? माझी. मुलांनी शंका काढली होती का? काढली होती. मी दोरी बघितली का? नाही. ओलेराँच्या हिशेबाने भरपाई कोणाची?

बरोबर. बाईंची!

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभी राहिले आणि म्हटलं, "माठाचे पैसे मी भरणार. काल मी उगाच रागावले, चूक माझी होती." खरं सांगू? मुलांसमोर हे म्हणताना मला थोडं जड गेलं. पण म्हटल्यावर बरं वाटलं. ती दोन मुलं तर अशी हसली, की विचारू नका. आणि त्या मुलीला मी सांगितलं, "तू काल बोललीस ते फार चांगलं केलंस."

मग आम्ही नवा माठ आणला. या वेळी निघायच्या आधी पाच जणांनी दोरी ताणून, ओढून बघितली. एक जण तर तिला लोंबकळायला निघाला होता, त्याला आवरलं! माठ सुखरूप आला. आता त्यातलं गार पाणी पिताना रोज कोणी ना कोणी म्हणतंच, "बाई, आधी दोर दाखवा!"

मोठ्यांनाही एक विनंती. घरात काही फुटलं, सांडलं, की आपण आधी मुलावर ओरडतो. ओरडायच्या आधी एकदा दोरी कोणी दिली होती, ते बघू या का?

डोकं चालवा

१. ८० तोनो माल मावणारं जहाज आहे. एका तोनोची चार पिंपं, तर जहाजात एकूण किती पिंपं मावतील?

२. व्यापाऱ्याने उशीर केला म्हणून २४० नाणी भरपाई मिळाली. खलाशांच्या वाट्याला किती आणि कप्तानाच्या वाट्याला किती?

३. तुम्ही मित्राची सायकल मागितली. तो म्हणाला, "ब्रेक जरा सैल आहे हं, बघून घे." तुम्ही बघितलं, "चालेल" म्हणालात आणि सायकल धडकून चाक वाकलं. खर्च कोणाचा? आणि त्याने ब्रेकचं सांगितलंच नसतं, तर? याचं उत्तर घरी सगळ्यांशी बोलून लिहा. आई एक म्हणेल, बाबा दुसरंच म्हणतील. भांडू नका, निवाडा करा!

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पुढच्या अंकात. तिसऱ्याचं उत्तर मात्र तुम्ही मला कळवायचं.

तुमच्या
बाई